जुनी लष्करी जीप: छंद की धंदा? विक्रांतच्या लोखंडाकडून शिकायचे पाच धडे



या आठवड्याच्या व्हिडिओसोबतचा हा लेख जरा वेगळा आहे, कारण यात माझीच एक चूक आहे.

काही वर्षांपूर्वी खारघरच्या आमच्या रविवारच्या बॅचमध्ये एक मुलगा होता. नोकरी सुटलेली, हातात थोडी शिल्लक. क्लास संपल्यावर मोबाईल पुढे करून म्हणाला, "सर, ही जीप बघा. दुसऱ्या महायुद्धातली आहे. रिस्टोअर करून विकली तर दुप्पट पैसे. घेऊ का?" फोटोत हिरवी, गंजलेली, पण रुबाबदार जीप. मी खरेदी किती, दुरुस्ती किती, विक्री किती, एवढंच विचारलं. फरक चांगला दिसत होता. म्हटलं, "घेऊन टाक!"

त्याने घेतली. ती महायुद्धातली नव्हती. कागदही अर्धवट होते. दीड वर्ष ती जीप भाड्याच्या शेडमध्ये उभी राहिली आणि शेवटी सुट्या भागांत विकली गेली. त्याची निम्म्याहून जास्त शिल्लक गेली. ती गाडी कोणती, तिचे कागद कुठले, ती किती दिवस सांभाळावी लागेल, यातलं काही मी विचारलंच नव्हतं.

जुन्या लष्करी गाड्या आणि विमानं जमवणं, दुरुस्त करणं, त्यावर तासन्‌तास बोलणं हा जगभर पसरलेला नाद आहे, आणि नाद असतो तिथे पैसाही फिरतो. पण या बाजाराचे नियम वेगळे आहेत. ते समजून घ्यायला फार लांब जायला नको. खारघर स्टेशनवरून सीएसएमटीची लोकल पकडा. रे रोड आणि डॉकयार्ड रोड या शेजारशेजारच्या दोन स्टेशनांच्या परिसरात यातले निम्मे धडे मिळतात.

धडा १: माल ओळखता येत नसेल तर भाव करू नका

डॉकयार्ड रोडला उतरलं की माझगाव. महिंद्राने १९४९ मध्ये याच माझगावात विलीज जीप जोडायला सुरुवात केली. सुटे भाग अमेरिकेतून यायचे, जोडणी इथे व्हायची. पुढे गाडी हळूहळू इथेच बनू लागली आणि सीजे-३बी हे मॉडेल आपल्याकडे कित्येक वर्षं चाललं: पोलिसांकडे, सरकारी खात्यांत, लष्करात, गावच्या पुढाऱ्याकडेही. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक जुन्या जीप महायुद्धानंतरच्या आहेत. महायुद्धातल्या जीप विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे साडेसहा लाख बनवल्या. भारतातही त्या आल्या, पण आज अस्सल मिळणं कठीण.

मग ओळखायचं कसं? चार साध्या खुणा लक्षात ठेवा.

- पुढची जाळी: उभ्या फटी मोजा. महायुद्धातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यूच्या पत्र्याच्या जाळीला ९ फटी असतात. (अगदी सुरुवातीच्या विलीजना पट्ट्या वेल्ड केलेली जाळी होती.) नंतरच्या नागरी जीपचे दिवे मोठे झाले, त्यांना जागा हवी म्हणून फटी ७ झाल्या.
- बॉनेट: सीजे-३बीचं बॉनेट उंच असतं, कारण आतलं इंजिन उंच आहे. महायुद्धातल्या जीपचं बॉनेट बसकं असतं.
- मागची बाजू: महायुद्धातल्या जीपला मागे उघडणारं फाळकं नव्हतं आणि स्टेपनी मागच्या पत्र्यावर असायची. नागरी सीजेला फाळकं आलं आणि स्टेपनी बाजूला गेली.
- फोर्डचा 'एफ': फोर्डने बनवलेल्या जीपच्या कित्येक भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, 'एफ' अक्षर ठोकलेलं असतं.

डॅशबोर्डवरच्या पितळी पाटीवर विसंबू नका. तशा पाट्या नव्याने बनवून मिळतात. आणि गाडीवर पुढे बरेच भाग बदललेले असू शकतात, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नका.

आमच्या त्या मुलाच्या जीपला ७ फटी होत्या आणि बॉनेट उंच होतं. फोटोतच दिसत होतं. मला मोजायचं माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे सांगायची लाज वाटली. सीजे-३बी वाईट गाडी नाही, तिचेही चाहते आहेत. पण तिला महायुद्धाचा भाव देणं म्हणजे तांब्याला सोन्याचा भाव देणं.

धडा २: आधी कागद, मग पाना

लष्कराच्या गाड्यांची नोंदणी लष्कराची स्वतःची असते. बाणाचं चिन्ह असलेला तो नंबर पाहिला असेल तुम्ही. गाडी लष्करातून बाहेर पडली की रस्त्यावर आणण्यासाठी आरटीओत नागरी नोंदणी लागते, आणि त्यासाठी विक्रीचे कागद, इंजिन नंबर आणि चासी नंबर एकमेकांशी जुळावे लागतात. लिलावात माल "भंगार" म्हणून विकला आहे की "वाहन" म्हणून, हे अटींत नीट वाचा. या एका शब्दावर तुमचं सगळं भांडवल उभं असतं.

आणखी चार नियम पाठ करा.

१. व्हिंटेज नोंदणी: २०२१ मध्ये केंद्राने यासाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल नसलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. नंबरात 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं.

२. भाड्याने नाही: व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच ती बाहेर काढायची. म्हणजे "लग्नात नवरदेवाला जीप भाड्याने देऊ" ही योजना या नोंदणीवर बसत नाही.

३. हिरवा रंग नाही: केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांनाच चालतो. लष्करी जीप म्हणून विकायची आणि लष्करी रंगात रस्त्यावर आणायची नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

४. मनाने बदल नाहीत: गाडीत कंपनीच्या मूळ नमुन्यापेक्षा वेगळे बदल करून चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. मोठी चाकं, दुसरं इंजिन बसवण्याआधी आरटीओकडे विचारा.

नियम बदलतात. पैसे देण्याआधी आरटीओत स्वतः जाऊन आजची स्थिती विचारा. एजंटच्या तोंडी शब्दावर इसार देऊ नका.

धडा ३: घ्यायला किती लागतात यापेक्षा सांभाळायला किती लागतात

आता रे रोड. स्टेशनच्या पूर्वेला दारूखाना. जहाजं तोडायची जुनी जागा. भारताची पहिली विमानवाहू नौका विक्रांत इथेच तोडली गेली.

४ मार्च १९६१ ला ती नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव, कॉक्स बाजारवर हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली. लोकांची इच्छा होती, सरकारचीही होती. २००१ पासून मुंबईच्या समुद्रात ती संग्रहालय म्हणून उभी राहिली. पण दोनशे मीटरहून लांब पोलादी जहाज खाऱ्या पाण्यात उभं ठेवायचं म्हणजे दरवर्षी रंग, वेल्डिंग, पंप, पहारा. तिकिटाच्या पैशात ते भागत नाही. सुरक्षिततेच्या कारणाने २०१२ मध्ये संग्रहालय बंद झालं. लिलावात ती सुमारे ६० कोटींना भंगारात गेली. कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये दारूखान्यात तिच्यावर गॅस कटर चालला.

दुसऱ्यांदाही तेच. विराट मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाली. सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करायचा ८५२ कोटींचा प्रकल्प राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजूर केला. तो उभा राहिला नाही आणि २०२० मध्ये जहाज ३८ कोटी ५४ लाखांना भंगारासाठी अलंगला गेलं. एक खासगी कंपनी ते वाचवायला कोर्टात गेली, पण २०२१ मध्ये निकाल लागेपर्यंत सुमारे ४० टक्के तोडकाम झालं होतं.

उलट अहिल्यानगरचं (पूर्वीचं अहमदनगर) रणगाडा संग्रहालय बघा. १९९४ पासून सुरू आहे. रोल्स-रॉइसच्या जुन्या चिलखती गाडीपासून युद्धात पकडलेल्या पॅटन रणगाड्यापर्यंत सुमारे ५० वाहनं तिथे उभी आहेत. ती टिकली, कारण मागे लष्कराचं आर्मर्ड कोअरचं केंद्र आहे. जागा आहे, माणसं आहेत, रोज कुणीतरी बघणारं आहे.

आपल्या पातळीवर हाच हिशेब करू. आकडे समजण्यासाठी घेतलेत.

- जीपची खरेदी: २,५०,०००
- सुटे भाग: १,५०,०००
- मजुरी: १,२०,०००
- शेडचं भाडं, महिना ६,००० प्रमाणे १८ महिने: १,०८,०००
- अडकलेल्या सरासरी ४ लाखांवर वर्षाला १२ टक्के व्याज, १८ महिने: ७२,०००
- एकूण: ७,००,०००

साडेसात लाखांना विकली तर नफा ५०,०००. महिन्याला २,८०० सुद्धा नाही! हेच काम ९ महिन्यांत संपवलं तर भाडं आणि व्याज निम्मं होतं, खर्च ६,१०,००० वर येतो, नफा १,४०,०००, म्हणजे महिन्याला साडेपंधरा हजार. गाडी तीच, भाव तोच. आम्ही बहुतेक जण वहीत पहिल्या तीन ओळी लिहितो. शेवटच्या दोन ओळी कुणी लिहीत नाही, आणि धंदा तिथेच बुडतो.

धडा ४: गोष्टीला किंमत येते, पण ती खरी असावी लागते

विक्रांतचं काही लोखंड बजाज ऑटोने विकत घेतलं. ते वितळवून त्याचा वापर व्ही-१५ मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाकीत केला. २०१६ मध्ये सुमारे ६२ हजारांना ही बाईक बाजारात आली. टाकीच्या पत्र्यात ताकद वाढली का? नाही. पण लोक शोरूममध्ये टाकीवर हात फिरवून बघायचे. लोखंडाचा भाव वेगळा आणि विक्रांतच्या लोखंडाचा भाव वेगळा. कुठून आलं हे सगळ्या देशाने पाहिलेलं होतं, म्हणून ती गोष्ट चालली. हेही लक्षात ठेवा, ती बाईक आज बनत नाही. गोष्ट गिऱ्हाईक दारापर्यंत आणते. पुढे माल आणि बाजार बघावाच लागतो.

दुसरं उदाहरण विमानाचं. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी २०११ मध्ये भंगारात निघालेलं एक डकोटा विमान घेतलं. त्यांचे वडील हवाई दलात डकोटा उडवायचे. इंग्लंडमध्ये काही वर्षं दुरुस्ती चालली आणि २०१८ मध्ये ते विमान स्वतः उडत भारतात आलं. हवाई दलाने त्याचं नाव 'परशुराम' ठेवलं आणि क्रमांक दिला व्हीपी ९०५. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरात सैनिक घेऊन उतरलेल्या डकोटाचा तो क्रमांक. हे तेच विमान नव्हे, क्रमांक त्याच्या सन्मानार्थ आहे. असं उघड सांगितल्याने मान कमी झाला का? उलट वाढला.

तुमच्या जीपबद्दलही जेवढं कागदावर दाखवता येतं तेवढंच बोला. "सीजे-३बी आहे, लष्करातून आली, हे विक्रीपत्र, हे दुरुस्तीचे फोटो." हौशी गिऱ्हाईक तुमच्यापेक्षा जास्त वाचलेलं असतं. एक थाप पकडली गेली की त्यांच्या सगळ्या गोतावळ्यात तुमचं नाव जातं.

धडा ५: अख्खी गाडी नको, त्यातलं आपलं काम शोधा

एक जीप पूर्ण करायला पत्र्याचं काम, सँडब्लास्टिंग, रेडिएटर, वायरिंग, लेथ, रंग, ताडपत्रीचा हुड, सीट, कागदपत्रं इतके कारागीर लागतात. मालकाचे पैसे दीड वर्ष अडकतात. कारागिराचे काम संपलं की हातात येतात.

आता त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगतो. त्याचे वडील कळंबोलीत ट्रकची ताडपत्री शिवायचे. सुट्या भागांत जीप विकताना एका गिऱ्हाइकाने विचारलं, "हा हुड कुणी शिवला?" तो यानेच वडिलांच्या मशीनवर शिवला होता, जुना हुड उसवून, मापं घेऊन. त्या गिऱ्हाइकाने आपल्या जीपसाठी दुसरा मागितला. आज तो जुन्या जीपचे हुड आणि सीट कव्हर शिवतो. निम्मे पैसे आगाऊ घेतो, मापांची वही जपून ठेवतो. बुडालेले पैसे अजून पूर्ण भरून निघालेले नाहीत, हेही खरं. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "सर, तुम्ही तेव्हा वडिलांचं काम काय असं विचारलं असतं तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून बॅचमध्ये कुणीही नवी कल्पना आणली की माझा पहिला प्रश्न हाच असतो: घरात, हातात आधीपासून काय आहे?

या आठवड्याचा गृहपाठ

१. एका सुट्टीच्या दिवशी हार्बर लाईनने रे रोडला उतरा. दारूखान्यात फिरा, पण परवानगीशिवाय तोडकामाच्या आवारात जाऊ नका. कोणता माल कुठल्या भावाने जातो, एवढंच वहीत लिहा.

२. तुमच्या ओळखीतल्या एका जुन्या जीपच्या जाळीच्या फटी मोजा आणि आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवून बघा.

३. तुमच्या मनातल्या कुठल्याही धंद्यासाठी वरच्या पाच ओळींचा हिशेब मांडा. एकदा ९ महिने धरून, एकदा १८ महिने धरून. दुसऱ्या हिशेबात तोटा दिसत असेल तर इसार देऊ नका.

पुढच्या लेखात आगाऊ रक्कम कशी मागायची ते बघू. तोपर्यंत वही भरा!