स्वतःचा विमा स्वतः

लिलाव म्हटले की बाजार समितीच्या आवारातील कांद्याच्या राशी आणि बोली पुकारणारे अडते आपल्या डोळ्यांपुढे येतात. तेथे माल समोर असतो. बोली संपली की घेणारा तो उचलून नेतो. इंटरनेटवरील लिलावात मात्र विकणारा एका गावी, घेणारा दुसऱ्या गावी आणि वस्तू या दोघांच्या मध्ये टपालाच्या पिशवीत, अशी स्थिती असते. पियरे ओमिडियार यांनी १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू केलेले लिलावाचे संकेतस्थळ पुढे ‘ईबे’ या नावाने प्रसिद्ध झाले. भारतातील ‘बाझी डॉट कॉम’ हे अशाच प्रकारचे संकेतस्थळ ईबेने २००४ मध्ये विकत घेतले; ‘ईबे इंडिया’ २०१८ मध्ये बंद झाले. या पाठातील उदाहरण अमेरिकेतील आहे, कारण ज्या प्रथेचा आपण विचार करणार आहोत ती तेथील छोट्या विक्रेत्यांमध्ये रुजली होती.

वाटेत वस्तू हरवली किंवा फुटली तर नुकसान कोणी सोसायचे, हा येथे मूळ प्रश्न आहे. अमेरिकेच्या टपाल खात्याने पार्सलांचा विमा उतरवण्याची सोय १९१३ पासून केलेली आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ५० डॉलरपर्यंतच्या पार्सलाला या विम्यासाठी सव्वा डॉलरच्या आसपास आकार पडे. मोठ्या रकमेच्या विम्यात प्रत्येक वाढीव शंभर डॉलरमागे सुमारे एक डॉलर द्यावा लागे. किरकोळ वस्तू विकणाऱ्यांना यातील पहिला आकार जड वाटू लागला. टपाल खात्याकडून विमा न घेता तेवढीच रक्कम बाजूला ठेवायची आणि एखादे पार्सल हरवले तर त्या रकमेतून ग्राहकाला पैसे परत करायचे, असा मार्ग त्यांनी काढला. यालाच ‘स्वविमा’ म्हणतात.

हा हिशेब मांडून पाहू. समजा, एक विक्रेता वर्षाला प्रत्येकी ३० डॉलर किमतीची १,००० पार्सले पाठवतो. प्रत्येकाचा विमा उतरवला तर वर्षाचे १,२५० डॉलर खर्च होतील. शंभरातले एक पार्सल गहाळ होते असे धरले, तर हरवतील दहा आणि भरपाई होईल ३०० डॉलर. टपालखर्च सोडून दिला, तरी ९५० डॉलर त्याच्याजवळच राहतात. येथे विम्याचा खर्च मालाच्या किमतीच्या शेकडा चारांहून अधिक आहे आणि नुकसान शेकडा एकच. अशा विक्रेत्याने स्वविमा पत्करला तर त्यात शहाणपणच आहे.

आता दुसरा विक्रेता घ्या. तो वर्षाला दहाच जुने कॅमेरे विकतो, प्रत्येकी ३,००० डॉलरना. दोघांच्या मालाची एकूण किंमत ३०,००० डॉलरच. शंभरात एक हे प्रमाणही तेच. परंतु या दुसऱ्याची दहांपैकी नऊ वर्षे साधारणपणे काहीही न हरवता जातील आणि एखाद्या वर्षी एकदम ३,००० डॉलर जातील. ते वर्ष दहावेच असेल असे नाही; ते पहिलेही असू शकते. प्रत्येक कॅमेऱ्यामागे तीसएक डॉलर बाजूला ठेवण्याचा त्याचा नेम असला, तरी पहिल्याच कॅमेऱ्याच्या वेळी त्याच्या गंगाजळीत तीसच डॉलर असतील. शिवाय त्या काळी अशा महाग वस्तूचा टपाल विमाही शेकडा एकच्या जवळपासच पडे. म्हणजे स्वविम्याने वाचत काही नाही, धोका मात्र सगळा पदरात येतो.

असे का होते, याचे उत्तर याकोब बर्नुली या स्विस गणितज्ञाच्या ग्रंथात सापडते. त्याच्या मृत्यूनंतर, १७१३ मध्ये, तो प्रसिद्ध झाला. घटनांची संख्या जसजशी वाढते तसतसे प्रत्यक्षातले प्रमाण अपेक्षित प्रमाणाच्या जवळ येते, हे त्याने सिद्ध केले. विमा कंपनीचा सारा व्यवसाय या नियमावर उभा आहे. हजार पार्सलांचा विक्रेता काही अंशी तो नियम आपल्यासाठी वापरू शकतो. दहा पार्सलांचा नाही.

मात्र या नियमालाही एक अट आहे: एका पार्सलाचे हरवणे दुसऱ्यावर अवलंबून नसावे. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लीन्स शहर पाण्याखाली गेले, तेव्हा तेथील टपालसेवाच काही काळ थांबली. अशा वेळी त्या भागाकडे निघालेली पार्सले एकेक करून नव्हे, एकत्रच अडकतात. म्हणून गंगाजळी नेमक्या सरासरीइतकी असून भागत नाही.

यापुढचा प्रश्न गणिताचा नाही, सचोटीचा आहे. पुष्कळ विक्रेते ‘विमा’ असे लिहून ग्राहकाकडून वेगळी रक्कम घेत आणि प्रत्यक्षात कोणताही विमा उतरवत नसत. काहीजण नुकसान झाल्यावर भरपाई देत, काहीजण टोलवाटोलवी करत. भरपाई देणाऱ्यांनाही आम्ही निर्दोष मानत नाही. नसलेली गोष्ट त्यांनी विकलेलीच असते. पुढे ईबेने ग्राहकाकडून विम्याची रक्कम वेगळी आकारण्यास विक्रेत्यांना मनाई केली. आपल्याकडेही १९३८ च्या विमा कायद्यानुसार नोंदणी केल्याशिवाय कोणालाही विम्याचा धंदा करता येत नाही. आपल्या नफ्यातून पैसे बाजूला ठेवणे ही एक गोष्ट आणि दुसऱ्याकडून पैसे घेऊन त्याची जोखीम विकत घेणे ही अगदी वेगळी गोष्ट. स्वविमा करणाऱ्याने तो खर्च वस्तूच्या किमतीत धरावा आणि ‘वस्तू न पोहोचल्यास पैसे परत’ एवढे साधे आश्वासन द्यावे.

स्वविम्याचा एक फायदा हिशेबात सहसा दिसत नाही. भरपाई आपल्याच खिशातून जाणार हे ठाऊक असलेला माणूस खोक्यात दोन मुठी कागद जास्त भरतो, पत्ता दोनदा तपासतो आणि पार्सल पोहोचल्याची नोंद मागतो. ही नोंद हाताशी असली की पोहोचलेली वस्तू ‘मिळाली नाही’ म्हणणाऱ्या ग्राहकाला काय उत्तर द्यावे, हा पेचही उरत नाही.

पाठगत प्रश्न

१. एक विक्रेती महिन्याला प्रत्येकी ४०० रुपयांच्या ५० साड्या आणि १५,००० रुपयांची एक पैठणी टपालाने पाठवते. यांपैकी कशासाठी तिने स्वविमा करावा आणि कशासाठी करू नये? हिशेब मांडून उत्तर लिहा.

२. ‘नसलेली गोष्ट विकणे’ या शब्दप्रयोगाचा या पाठातील अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.