अग्निशमन दलाच्या नागरी सेवा आणि त्यांची मराठी

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर अग्निशमन दल नागरिकांना कोणकोणत्या सेवा देते हे आपणांस सांगता येईल; त्या सेवांची माहिती देणारी मराठी कोठे अडखळते हे दाखवता येईल; आणि सूचनाफलकाचा मजकूर प्रसंगी उपयोगी पडेल असा लिहिता येईल.

१. नाव आणि काम

विद्यार्थी मित्रहो, कार्यालयीन पत्र एकदा वाचून समजले नाही, तर ते पुन्हा वाचता येते. धुराने भरलेल्या जिन्यातील सूचनेला ही सवलत नसते. ती पहिल्या दृष्टिक्षेपात कळली नाही, तर ती लिहिलीच नव्हती असे समजावे. व्यावहारिक मराठीच्या अभ्यासासाठी अग्निशमन दलाचे क्षेत्र निवडले आहे ते याच कारणाने.

बोलीत या दलाची ओळख ‘आगीचा बंब’ अशी आहे. ‘बंब’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतील पंप या अर्थाच्या ‘बोंबा’ या शब्दावरून आलेला मानला जातो. मराठी घरांत तांब्याचा बंब आंघोळीचे पाणी तापवीत असे आणि रस्त्यावरचा बंब आग विझवीत असे. एका शब्दाने ही दोन्ही कामे निमूटपणे केली. शासनव्यवहारात मात्र ‘अग्निशमन’ आणि ‘अग्निशामक’ ही रूपे रूढ झाली. ‘शमन’ ही क्रिया, तर ‘शामक’ म्हणजे शमवणारा. म्हणून सेवा ‘अग्निशमन’ आणि उपकरण ‘अग्निशामक’ असा भेद करता येतो. दलाच्या नावात तो फारसा पाळला जात नाही आणि त्याने काही बिघडतही नाही. अडचण वेगळीच आहे. ‘बंब’, ‘अग्निशमन’, ‘फायर ब्रिगेड’ यांपैकी कोणतेही नाव घ्या. प्रत्येकात केवळ आगीचा किंवा ती विझवण्याच्या साधनाचा निर्देश आहे. त्यामुळे आगीखेरीज अन्य प्रसंगी या दलाला बोलावता येते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

२. सेवांचे स्वरूप

संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येतील अशा विषयांत अग्निशमन सेवेचा समावेश आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ही अनुसूची अस्तित्वात आली. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत हे दल महानगरपालिकेच्या अखत्यारीत असते. लिफ्टमध्ये अडकलेल्यांची सुटका, कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्याखालील शोध, रस्त्यावर उन्मळून पडलेले झाड, पुराचे पाणी, गॅसगळती, विहिरीत पडलेले जनावर, रस्त्यावर सांडलेले तेल या सगळ्यांसाठी दलाचे जवान जातात. संक्रांतीच्या दिवसांत मांज्यात अडकलेल्या पक्ष्यांसाठीही त्यांना शिड्या लावाव्या लागतात. आग विझवणे आणि जीव वाचवणे यांसाठी संकटग्रस्ताकडून सामान्यतः पैसे घेतले जात नाहीत. तळघरातील पाणी उपसण्यासारख्या कामांना अनेक ठिकाणी शुल्क असते.

याखेरीज शाळा, वसाहती व कार्यालये यांना प्रात्यक्षिके आणि प्रशिक्षण दिले जाते. १४ ते २० एप्रिल या अग्निशमन सेवा सप्ताहात असे कार्यक्रम विशेषत्वाने होतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजाला आग लागली. त्यावर कापसाच्या गासड्या होत्या आणि स्फोटकेही होती. त्या स्फोटांत अग्निशमन दलाच्या ६६ जणांना प्राण गमवावे लागले. हा सप्ताह त्यांच्या स्मृतीला जोडलेला आहे.

सेवेची दुसरी बाजू कायद्याची. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ नुसार, ज्या इमारतींना हा कायदा लागू आहे त्यांतील अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. परवानाधारक संस्थेकडून यंत्रणेची तपासणी करून घेऊन ‘नमुना ब’ मधील प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, सादर करावयाचे असते. येथे ‘भोगवटादार’ या शब्दापाशी क्षणभर थांबा. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला किंवा दुकान चालवणाऱ्या माणसाला हा शब्द आपल्यासाठी आहे, हे उमगत नाही. कायद्यात तो अचूक आहे आणि तेथे तो असलाच पाहिजे. सोसायटीच्या फलकावर मात्र ‘येथे राहणारे व दुकान चालवणारे’ असे लिहावयास हवे. पारिभाषिक शब्द टाळणे म्हणजे भाषा पातळ करणे, असा एक समज विद्वज्जनांत आहे. आगीच्या संदर्भात तरी तो परवडणारा नाही.

३. वर्दी

आगीची खबर मिळाली की ‘वर्दी मिळाली’ असे म्हणतात. खोटी निघाली तर ती ‘खोटी वर्दी’. हिंदीत ‘वर्दी’ म्हणजे गणवेश, मराठीत मात्र खबर. वर्दी देण्यासाठी १०१ हा क्रमांक आहे. ११२ या एकत्रित क्रमांकावरूनही मदत मागता येते.

वर्दी हा भाषिक व्यवहार आहे आणि तो दोन अनोळखी माणसांत, दृष्टिआड, काही क्षणांत पार पडावा लागतो. घाबरलेला मनुष्य म्हणतो, “अहो, लवकर या, इथे समोरच्या बिल्डिंगला आग लागलीय!” आणि फोन ठेवून देतो. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण त्यातील ‘इथे’ आणि ‘समोरच्या’ हे शब्द बोलणाऱ्याच्या जागेवरूनच अर्थ घेतात. भाषाविज्ञानात अशांना दर्शक शब्द म्हणतात. समोरासमोरच्या संभाषणात बोट दाखवले की ते भरून निघतात. दूरध्वनीवर ते रिकामेच राहतात. ‘गणपतीच्या देवळाजवळ’, ‘शिवाजी चौकात’ या खुणाही बऱ्याचदा अशाच रिकाम्या, कारण त्या नावाची ठिकाणे एका शहरात अनेक असू शकतात. शिवाय रस्त्याचे पालिकेच्या दप्तरातील नाव एक आणि लोकांच्या तोंडचे दुसरे, हा अनुभव कोणाला नाही?

म्हणून उपयोगी वर्दी अशी असते : परिसर, रस्ता, इमारतीचे नाव, मजला, काय जळत आहे, आत कोणी अडकले आहे काय, आणि परत फोन करता येईल असा क्रमांक. गल्ली अरुंद असेल किंवा वाहने लावून अडली असेल, तर तेही सांगावे. त्यावरून कोणती गाडी पाठवावी हे ठरवणे सोपे जाते. पलीकडून ‘ठेवा’ असे सांगेपर्यंत फोन ठेवू नये.

४. वाक्यरचना आणि जीव

पुढील मजकूर अभ्यासासाठी रचलेला आहे, परंतु असे फलक आपण पाहिले असतील :

“आपत्कालीन परिस्थितीत इमारतीतील रहिवाशांकडून उद्वाहनाचा वापर करण्यात येऊ नये.”

‘उद्वाहन’ हा शब्द दोषी आहे हे चटकन दिसते. लोक ‘लिफ्ट’ म्हणतात. त्याहून मोठा दोष रचनेत आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि आज्ञेतील नकार बहुधा क्रियापदाच्याही मागे. ‘येऊ नये’ पर्यंत न पोहोचलेल्या वाचकाच्या हाती काय लागते? ‘आपत्कालीन परिस्थितीत उद्वाहनाचा वापर’. धूर, काळोख आणि धावपळ यांत अर्धवट वाचलेली सूचना नेमका उलटा अर्थ देऊ शकते. ‘करण्यात येऊ नये’ या कर्मणी स्वरूपाच्या रचनेत ‘तुम्ही’ नाहीसा होतो, हा आणखी एक दोष. हाच मजकूर असा लिहिता येईल :

“आग लागली? जिन्याने उतरा. लिफ्ट वापरू नका.”

काय करावे ते आधी, काय करू नये ते नंतर. वाक्ये दोन-तीन शब्दांची असल्याने नकार नजरेच्या टप्प्यात राहतो.

रूढ वाक्प्रयोगही कधी कधी घात करतात. ‘आगीवर पाणी ओतणे’ हा प्रयोग आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की कढईतील तेल पेटले तरी हात तांब्याकडे जातो. पाणी तेलापेक्षा जड. ते तळाशी जाते, क्षणात त्याची वाफ होते आणि जळते तेल चौफेर उडते. तेथे गॅस बंद करून कढईवर झाकण सरकवावे आणि ती जागेवरून हलवू नये. गॅसगळतीत तर ‘आधी दिवा लाव, मग बघू’ ही सवयच जिवावर बेतते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि विजेच्या बटणाची ठिणगी त्याला पुरते. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बटणांना हात लावू नका, बाहेर पडा, मग फोन करा : येथे क्रियापदांचा क्रम हाच आशय आहे. यातील ‘मग’ हे छोटे अव्यय गाळले, तर कोणी गळतीच्या खोलीतच उभे राहून मोबाइल काढील.

स्वाध्याय

१. आपल्या इमारतीतील, महाविद्यालयातील किंवा कार्यालयातील आगीसंबंधीचा एक फलक जसाच्या तसा उतरवून घ्या. त्यातील कर्ता, क्रियापद व नकार यांची स्थाने दाखवा आणि मजकूर पुन्हा लिहा. नवा मजकूर घरातील सर्वांत वयस्क व सर्वांत लहान वाचकाकडून एकदाच वाचून घ्या आणि त्यांना काय कळले ते त्यांच्याच शब्दांत नोंदवा.

२. आपण आता ज्या खोलीत बसला आहात तेथे आग लागली आहे असे समजून वर्दीचा मजकूर लिहा. ‘इथे’, ‘समोर’, ‘मागे’, ‘जवळ’ हे शब्द त्यात येऊ देऊ नका.