गाडीचे पांघरूण

पूर्वी दारात बैलजोडी उभी असे. थंडीच्या रात्री धनी आधी बैलाच्या पाठीवर पोते टाकी, मग स्वतः घोंगडी पांघरी. आता आपल्या परभणी जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत दारोदारी मोटारसायकल उभी दिसते. दूध नेणे, बाजार करणे, लेकरांना शाळेत पोचवणे, अडीअडचणीला दवाखाना गाठणे, ही सारी कामे तीच करते. पण तिला गोठा नसतो. ऊन, वारा, पाऊस अंगावर घेत ती अंगणातच उभी असते. तेव्हा तिला पांघरूण हवे. ते कसे निवडावे, हे आज पाहू.

मी स्वतः दोनदा फसलो. ती गोष्ट आधी सांगतो.

मुलाने हप्त्याने गाडी घेतली. दिवाळीत आम्ही बाजारातून चकचकीत चंदेरी कव्हर आणले. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, पाण्याचा थेंब आत जायचा नाही." त्याचे बोलणे खरे की खोटे, हे पाहायची वेळच आली नाही. मे महिना सरता सरता कव्हर बोट लावले की फाटू लागले. पाऊस तर अजून पडायचाच होता!

मग मी काटकसर केली. खताच्या रिकाम्या गोण्या शिवून खोळ केली. वरून प्लास्टिकचा कागद टाकला आणि सगळे जमिनीपर्यंत सुतळीने गच्च बांधले. वाटले, आता काळजी मिटली. श्रावणात एका रात्री नातीला ताप चढला. अंग नुसते फणफणत होते. मुलाने घाईने खोळ सोडली, किक मारली. गाडी काही केल्या चालू होईना. शेजाऱ्याची जीप मिळाली म्हणून वेळ निभावली. सकाळी मिस्त्री आला. आत उंदराने घर केले होते आणि प्लगची वायर कुरतडली होती. साखळीवर, नटबोल्टांवर तांबूस गंज चढला होता. मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, गाडी पावसानं नाही खाल्ली, पांघरुणानं खाल्ली!"

हे बोल माझ्या मनाला लागले. मग मी एकेक कारण समजून घेतले.

पहिले कारण ऊन. आपण कव्हर घेतो पावसासाठी, पण त्याला मारते ऊन. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर असा चार महिने. ऊन मात्र वर्षभर. उन्हात डोळ्यांना न दिसणारे किरण असतात. त्यांना अतिनील किरण म्हणतात. ते कापडाचा आणि प्लास्टिकचा जीव तोडतात. गच्चीवर राहिलेली प्लास्टिकची बादली ठिसूळ होते, ती यामुळेच. ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात? त्यांत एक प्रकारची बारीक काजळी मिसळलेली असते. ती हे किरण अडवते, म्हणून नळ्या उन्हात टिकतात.

दुसरे कारण कोंडलेली वाफ. भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचला. आतून थेंब दिसतात. ते पाणी वरून पडले का? नाही, खालची वाफ झाकणाला लागून थंड झाली. गाडीचेही तसेच. दिवसा ओल्या जमिनीची वाफ खोळीत शिरते. रात्री गार पडले की तिचे पाणी होते आणि लोखंडावर बसते. वारा खेळला नाही तर ते वाळत नाही. मग गंज चढतो.

तिसरे कारण खताच्या गोण्या. गोणी झटकली तरी खताचे कण राहतात. ते हवेतली ओल ओढून घेतात. उघडे खत पाघळते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. ते खारट पाणी लोखंडाला लागले की गंज लवकर धरतो. म्हणून खताची गोणी गाडीवर कधी टाकू नये.

आता दुकानात जाऊ. पण हात रिकामे नकोत, डोळेही मिटलेले नकोत. आपण वाचायला शिकलो आहोत, तर पाकिटावरची चिठ्ठी वाचावी. इंग्रजी अक्षरे लागली नाहीत तर दुकानदाराला विचारावी. विचारण्यात कमीपणा नाही.

चिठ्ठीवर 'डी' हे अक्षर आणि आकडा असला, तर तो डेनिअर. ९००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनिअर. म्हणून १५० पेक्षा ३०० डेनिअरचा धागा जाड. पण आकड्यापुढे 'टी' असेल तर फसू नका. १९० टी म्हणजे एका इंचात उभे आणि आडवे मिळून १९० धागे. त्यावरून धाग्याची जाडी कळत नाही. 'वॉटरप्रूफ' म्हणजे पाणी आत न येणारे. 'वॉटर रेझिस्टंट' म्हणजे पाणी थोडा वेळच अडवणारे. उन्हाला टिकणाऱ्या कव्हरावर 'यू.व्ही.' असे लिहिलेले असते.

नुसत्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नये. हाताने पारख करावी.

१. कापडाचा खोलगा करून त्यात पेलाभर पाणी धरा. दहा मिनिटांनी खालून हात लावा. ओल लागली तर कव्हर ठेवून द्या.
२. चंदेरी रंगावर अंगठा घासा. रंग हाताला लागला तर तो उन्हात टिकणार नाही.
३. शिवण पाहा. सुईच्या भोकांतून पाणी शिरते. आतून शिवणीवर पट्टी चिकटवलेली असावी.
४. आरशाच्या जागी कापड दुहेरी असावे. तिथेच ते आधी फाटते.
५. दोन्ही बाजूंना झरोके असावेत. त्यांवर झडप असावी, म्हणजे वारा खेळेल, पण पाऊस शिरणार नाही.
६. खाली इलॅस्टिक आणि पोटाखालून बांधायचा पट्टा असावा. नाहीतर वळवाच्या वाऱ्यात कव्हर फडफडून टाकीचा रंग घासते.

चांगले पांघरूण आणले, तरी वापरायची रीत चुकली तर काय उपयोग? घरी येताच कव्हर घालू नका. सायलेन्सर तापलेला असतो, कापड वितळते. अर्धा तास थांबा. धुळीने भरलेली गाडी आधी पुसा. धूळ घासून ओरखडे पडतात. ओल्या गाडीवर तर कव्हर मुळीच घालू नका. पावसाने उघडीप दिली की ते काढून दोन्ही वाळू द्या. कडा जमिनीपासून चार बोटे वर ठेवा, म्हणजे वारा जातो आणि उंदराला आडोसा मिळत नाही. आपली काळी माती पावसात मऊ होते. गाडीखाली शहाबादी फरशी टाका. शक्यतो दुपारची सावली पडेल अशी जागा निवडा. सावलीत कव्हराचेही आयुष्य वाढते.

आता थोडा हिशेब. समजा, एक कव्हर ३०० रुपयांना मिळते आणि एक वर्ष टिकते. दुसरे ८०० रुपयांना मिळते आणि चार वर्षे टिकते. चार वर्षांत पहिल्याला १२०० रुपये लागले, दुसऱ्याला ८००. मग स्वस्त कोणते?

आमच्या गाडीवर आता झरोक्यांचे कव्हर आहे. दर रविवारी नात ते काढून तारेवर वाळत घालते. मी तिला सांगतो, "गाडी झाकायची, पण कोंडायची नाही." तीही आता हे चारचौघांना सांगते.

सांगा पाहू :
१. कव्हर जास्त कशाने खराब होते, उन्हाने की पावसाने?
२. खताची गोणी गाडीवर का टाकू नये?
३. तुमच्या दारातल्या गाडीचे कव्हर आज काढून पाहा. आत ओल आहे का?