सेमिनारला जात जा

चि. मुक्ता,


काल ताईचा फोन आला. शेजारच्या लॅबमधल्या मुलानं सेमिनारात तुझं मेकॅनिझम सगळ्यांसमोर खोडून काढलं, तेव्हापासून तू सेमिनारला जात नाहीस. मेसमध्ये तो दिसेल म्हणून खोलीवर बिस्किटं खाऊन राहतेस. खरं आहे का हे? आजीवर गेलीस अगदी! नळावरून जावेशी धरलेला अबोला तिनं शेवटपर्यंत सोडला नाही.

वादाचंच बोलायचं तर, नॉर्बॉर्निल कॅटायन तुला पाठ असेल, पण त्यावरचं भांडण तुमची पुस्तकं चार ओळींत उरकतात. १९४९ मध्ये विन्स्टाइन आणि ट्रायफन यांनी दाखवलं की सॉल्व्होलिसिसमध्ये एक्झो ब्रोसिलेट एन्डोपेक्षा ३५० पट वेगानं जातं. शेजारचा सिग्मा बंध पुलासारखा मदतीला येतो आणि धनभार वाटला जातो, असं त्यांचं म्हणणं. १९६२ मध्ये पर्ड्यूचे ब्राउन उठले. म्हणाले, एक्झो वेगवान नाहीच, एन्डोच अडचणीच्या जागेमुळे मंद आहे. आयन साधे दोन, गाडीच्या वायपरसारखे इकडून तिकडे जाणारे. मग वर्षानुवर्षं जुंपली. विन्स्टाइन १९६९ मध्ये ५७ व्या वर्षी गेले. रसायनज्ञ ओला यांचे सुपरॲसिडमधले स्पेक्ट्रम विन्स्टाइनच्या बाजूनं आले, तरी ब्राउन हटले नाहीत. २०१३ मध्ये ४० केल्विनला त्या कॅटायनच्या स्फटिकाची रचना मिळाली आणि तो पूल दिसला. तोवर ब्राउनही गेले होते.

ब्राउन चुकले, हे खरं. पण ते अडून बसले नसते तर इतके कसून पुरावे कुणी गोळा केले असते? आणि मला आवडतं ते निराळंच. १९७७ मध्ये याच वादावर त्यांनी पुस्तक काढलं, त्यात विरोधी बाजूच्या श्लायर यांच्या टिप्पण्या छापल्या. स्वतःच्या पुस्तकात! २०१३ च्या त्या स्फटिकरचनेच्या शोधनिबंधावर श्लायर यांचंही नाव आहे. आणि तू एका दुपारच्या टोकण्यानं मेस सोडतेस?

रागावलो, रागावू नकोस. माझा प्रबंध परीक्षकांपलीकडे कुणी उघडला असेल असं वाटत नाही. चूक म्हणण्याइतकं तरी कुणी वाचायला हवं होतं, असं अजून वाटतं. त्या मुलानं तुझं वाचलं, गं.

आज मेसमध्ये जेव. तो समोर बसला तर बसू दे. तुझा एनएमआर मला पाठव. आता फारसं कळत नाही, पण चष्मा लावून बघेन. मामीनं मेतकूट दळून ठेवलंय, येणाऱ्या कुणाच्या हाती देतो. पोचलं की फोन कर, उशीर झाला तरी चालेल, मी जागाच असतो.

तुझा,
मामा