ओठांचं फिलर : सिरिंजच्या दरापलीकडचा हिशेब

लग्नाची तारीख ठरली, हॉल मिळाला, शालू घेऊन झाला. आता ओठांना जरा भरीवपणा आणावा असं मनात येतं आणि क्लिनिकला फोन जातो. विचारलं जातं, “एका सिरिंजचे किती?” प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. सुई टोचायला अर्धा तास लागतो आणि ओठ स्थिरावायला दोन आठवडे. त्या दोन आठवड्यांत काही बिघडलं तर कोण बघणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हे दरपत्रकात नसतं. ते आधीच विचारून घ्यायचं.

बिलात काय काय येतं?

ओठांसाठी आज प्रामुख्याने हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल वापरतात. जुवेडर्म, रेस्टिलेन ही त्यातली माहितीची नावं. पुण्या-मुंबईत अशा परदेशी कंपनीच्या १ मिलिच्या सिरिंजला साधारण २० ते ४० हजार रुपये पडतात. पहिल्या खेपेला अर्धा ते एक मिलि पुरतं. परिणाम सहा महिने ते वर्षभर टिकतो, म्हणजे हा एकदाचा खर्च नाही. ओठ तसेच ठेवायचे असतील तर तो दरवर्षी धरावा लागेल.

याशिवाय पुढच्या गोष्टी विचारा :

- तपासणी फी : ५०० ते २,००० रुपये. सुई घेतली तर ती वळती करतात का?
- जीएसटी : निव्वळ सौंदर्यासाठीच्या उपचाराला आरोग्यसेवेची करसूट मिळत नाही. सांगितलेला दर करासह की कराशिवाय?
- दोन आठवड्यांनंतरची तपासणी : दरात धरलेली आहे का?
- टच-अप : थोडी भर घालावी लागली तर नवी सिरिंज, की पहिल्याच दरात?
- जेल विरघळवण्याचं इंजेक्शन : लागलंच तर किती? बहुतेक ठिकाणी काही हजार रुपये वेगळे घेतात.

आरोग्य विम्यावर भिस्त ठेवू नका. सौंदर्योपचार पॉलिसीतून वगळलेले असतात आणि त्यातून उद्भवलेल्या त्रासाचा दावाही कंपनी नाकारू शकते. म्हणून ठरलेल्या रकमेच्या वीस-पंचवीस टक्के पैसे बाजूला ठेवूनच दिवस ठरवा.

“मैत्रिणीला घेऊन या, अर्धी-अर्धी सिरिंज” असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. सिरिंज एका माणसासाठी आणि एकाच वेळेसाठी असते. उरलेलं जेल फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या महिन्यात टोचणं हेसुद्धा जंतुसंसर्गाला आवतण आहे. सीलबंद खोका तुमच्यासमोर फोडायला सांगा, त्यातला बॅच नंबराचा स्टिकर फाइलवर लावून घ्या आणि पक्कं बिल मागा.

दिवसागणिक काय होतं?

पहिल्या दिवशी ओठ सुजतात, दुखरे होतात, बधिरपणामुळे बोलताना अडखळायला होतं. चहा गारच प्या. बधिर ओठाला चटका बसलेला कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त असते. आरशात बघून “हे काय करून बसले!” असं वाटतं ते याच वेळी. एक बाजू जास्त सुजलेली दिसणंही नेहमीचं आहे. चौथ्या दिवसापासून सूज ओसरू लागते. काळेनिळे डाग पिवळे पडत सात ते दहा दिवसांत जातात. आकाराबद्दल मत बनवायचं ते दोन आठवड्यांनी, त्याआधी नाही.

म्हणून लग्न, साखरपुडा किंवा फोटोशूट असेल तर किमान चार आठवडे आधीची तारीख घ्या. हळदीच्या आठवड्यात सुई नकोच. सुजलेल्या वरच्या ओठावर नथीचा भार आणि दिवसभराची लिपस्टिक यांची भर कशाला?

घरी काय करायचं, काय टाळायचं?

बर्फ रुमालात गुंडाळून त्याने पाच-दहा मिनिटं शेकायचं, खडा थेट ओठावर ठेवायचा नाही. पहिल्या दोन रात्री उशी उंच घेऊन पाठीवर झोपा. पहिले चोवीस तास लिपस्टिक नको. एक-दोन दिवस व्यायामशाळा, वाफारा, दारू, सिगारेट बंद. तर्रीवाली मिसळ आणि ठेचाही दोन दिवस लांबच ठेवा, तिखटाने ओठ चुरचुरतात. डॉक्टरांनी दाखवल्याशिवाय ओठ चोळू नका. टोचलेल्या जागी हळद, तुरटी, टूथपेस्ट असलं काही लावू नका.

दुखलं तर पॅरासिटामॉल चालतं. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनने डाग वाढतात. पण हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करायची नाही. ज्यांनी दिली त्यांनाच विचारायचं. दाताची कामं दोन आठवडे पुढे-मागे ठेवा. ओठांवर अधूनमधून हर्पीसचे पाणीदार फोड येत असतील तर आधीच सांगा. सुईमुळे ते उलटू शकतात आणि त्यासाठी आधी गोळ्या देता येतात. गरोदरपणी आणि बाळ अंगावर पीत असताना हा बेत पुढे ढकला.

थांबायचं नाही, अशी लक्षणं

सर्वांत गंभीर धोका म्हणजे जेल रक्तवाहिनीत जाणं किंवा तिच्यावर दाब येणं. वरच्या आणि खालच्या ओठातून धमन्या जातात. त्यातली एखादी अडली की पुढच्या कातडीचं रक्त तुटतं. हे क्वचित घडतं, पण घडलं तर काही तासांत उपचार लागतो.

साधा डाग निळा-जांभळा असतो आणि दिवसागणिक फिका होतो. वाहिनी अडली असेल तर कातडी पांढुरकी पडते, मग जाळीसारखी निळसर नक्षी उमटते. ती ओठावरून नाकाकडे किंवा हनुवटीकडेही पसरते. जागा गार लागते, वेदना वाढत जाते. मात्र बधिरपणामुळे सुरुवातीला कदाचित दुखणारही नाही. ओठ बोटाने दाबून सोडा. रंग दोन-तीन सेकंदांत परतला नाही तर लगेच फोन करा. ओठ सावळे असतील तर आतली गुलाबी बाजू बघा, तिथे फरक लवकर कळतो. दोन-तीन दिवसांनी बारीक पिवळट पुळ्या आल्या तर “ताप उठला असेल” म्हणून सोडून देऊ नका. अडलेल्या वाहिनीच्या पुळ्या हर्पीससारख्याच दिसतात आणि तिथेच मोलाचा वेळ जातो.

यावर उपाय आहे. हायल्युरोनिडेज नावाचं इंजेक्शन हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल विरघळवतं. वेळेत आणि पुरेशा मात्रेत दिलं तर कातडी वाचते. म्हणूनच पैसे भरण्याआधीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा : “हे इंजेक्शन आत्ता इथे, क्लिनिकमध्ये आहे का?” “लागलं तर मागवू” हे उत्तर चालणार नाही. सिलिकॉनसारखं कायमस्वरूपी फिलर या इंजेक्शनने विरघळत नाही, म्हणून ओठांसाठी ते नकोच.

दिसणं अंधूक होणं, पापणी उतरणं, तीव्र डोकेदुखी किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणं, यांपैकी काहीही झालं तर थेट मोठं रुग्णालय. ओठ-जीभ भराभर सुजून श्वास अडकू लागला तर १०८ ला फोन. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर लाली, ठणका, ताप, पू वाढत असेल तर तो जंतुसंसर्ग. त्याच दिवशी दाखवा.

काही तक्रारी सावकाश येतात. छोटी गाठ बहुतेक वेळा काही आठवड्यांत विरते. महिन्यांनी अचानक सुजलेली टणक गाठ मात्र दाखवायलाच हवी. पुन्हा पुन्हा जास्त भरल्याने जेल ओठाच्या रेषेवर सरकून वर फुगवटा येतो. अशा वेळी आणखी एक सिरिंज मागू नका, आधीचं विरघळवून घ्या.

सुई कोण देतं?

पार्लरमधली ताई कितीही सरावाची असली तरी हे तिचं काम नाही. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन निवडा आणि त्यांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासा. ऑनलाइन मिळणारी, सुईविना दाबाने जेल घुसवणारी ‘हायल्युरॉन पेन’ घरी वापरू नका. अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याविरुद्ध जाहीर इशारा दिला आहे.

बिघडलंच तर

रोज एकाच उजेडात फोटो काढून ठेवा. डॉक्टरांकडे उपचाराची कागदपत्रं मागा. मागणी केल्यापासून ७२ तासांत ती देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. पण त्यासाठी पक्कं बिल आणि स्टिकर हाताशी हवेत.

दोन क्लिनिकांच्या दरात पाच हजारांचा फरक असेल आणि महागड्या ठिकाणी रात्री अकरालाही डॉक्टर फोन उचलत असतील, तर ते पाच हजार द्या. त्या फोनचा नंबर सुई घेण्यापूर्वीच मोबाइलमध्ये साठवा आणि एकदा लावून बघा.