मुंबई रक्तगट व पेशींतील शर्करेचा प्रवास

साखर कशी तयार होते हें आमच्या नगर जिल्ह्यांतील मुलांस सांगावयास नको. उसाच्या मोळ्या कारखान्यांत येतात, रस एका पात्रांतून दुसऱ्यांत जातो, प्रत्येक ठिकाणीं त्यावर निराळा संस्कार होतो, आणि शेवटीं छाप मारलेलें पोतें बाहेर पडतें. आपल्या शरीरांतील पेशींतही असाच एक कारखाना अहोरात्र चालूं असतो. तेथील एका मालास शास्त्रज्ञ ग्लायकोलिपिड म्हणतात. त्याचा एक भाग स्निग्ध व दुसरा शर्करेचा असतो. त्याच्या वाटचालीविषयीं आम्ही येथें लिहीत आहों, कारण या वाटेवरील एक पायरी गळली म्हणजे काय होतें याचें जगांत गाजलेलें उदाहरण आपल्या मुंबईंतच सांपडलें.

पेशींतील आंतर्द्रव्यजालिकेंत सेरामाइड नांवाचा स्निग्ध पदार्थ बनतो. तो गॉल्गी संकुलाकडे नेला जातो व तेथें त्यास ग्लुकोजचा एक घटक जोडला जातो. हें संकुल इटालियन वैद्य कॅमिलो गॉल्गी यांनीं १८९८ सालीं वर्णिलें. येथें एक अडचण उभी राहते. तेल जसें पाण्यांत मिसळत नाहीं, तसा हा पदार्थही पेशीरसांतून एकटा जाऊं शकत नाहीं. म्हणून कांहीं माल पीटिका नांवाच्या सूक्ष्म पिशव्यांतून जातो, आणि कांहीं माल वाहक प्रथिनें आपल्या पोटांत लपवून नेतात. ग्लुकोज जोडलेलें सेरामाइड पुढें पोंचविणाऱ्या अशा एका प्रथिनास फॅप-२ म्हणतात. मग तो माल पटलाच्या बाहेरील बाजूवरून आंतील बाजूस उलटतो, आणि तेथें विकरें एकामागून एक शर्करा जोडीत जातात. प्रत्येक विकराचें काम ठरलेलें असतें.

साखळी जर संकुलाच्या आंत जोडली जाते, तर ती पेशीच्या बाहेर कशी दिसते, असें एखादा चौकस विद्यार्थी विचारील. पीटिका प्रद्रव्यपटलास मिळून उघडते, तेव्हां पिशवी उलटी केल्यावर अस्तर वर यावें तसा तिचा आंतील पृष्ठभाग बाहेर येतो. जुना झालेला माल लयकारिकेंत मोडला जातो. तेथील एक विकर दुबळें असल्यास ग्लुकोजयुक्त सेरामाइड सांचत जातें, व प्लीहा आणि यकृत वाढतात. फ्रेंच वैद्य गोशे यांनीं १८८२ सालीं वर्णिलेला रोग तो हाच.

आतां रक्ताकडे वळूं. कार्ल लँडस्टायनर यांनीं १९०१ सालीं रक्तगट प्रसिद्ध केले. ए आणि बी या खुणा म्हणजे तांबड्या पेशींवरील शर्करेच्या साखळ्यांचीं टोकें होत. त्या साखळ्या कांहीं प्रथिनांवर व कांहीं ग्लायकोलिपिडांवर असतात, आणि पेशी अस्थिमज्जेंत घडत असतांनाच जडविल्या जातात. आधीं फ्यूकोज नांवाची शर्करा जोडली जाते. त्या खुणेस एच म्हणतात. एचवर आणखी एक शर्करा बसली म्हणजे ए किंवा बी होतो. कांहींच न बसल्यास एच उघडा राहतो, तोच ओ गट.

१९५२ सालीं डॉ. वाय. एम. भेंडे, देशपांडे व भाटिया यांनीं, इंग्लंडमध्यें काम करणाऱ्या सँगर, रेस, मॉर्गन व वॉटकिन्स यांच्यासह, लॅन्सेट या नियतकालिकांत एक नवल प्रसिद्ध केलें. मुंबईतील कांहीं व्यक्तींच्या पेशींवर ए नाहीं, बी नाहीं आणि एचही नाहीं! फ्यूकोज जोडणारें विकरच त्यांच्या तांबड्या पेशी घडतांना काम करीत नाहीं. भिंतच नाहीं तर चित्र काढणार कशावर? हाच मुंबई रक्तगट.

नेहमींच्या चाचणींत असा मनुष्य ओ गटाचा दिसतो, आणि धोका येथेंच आहे. ओ रक्त कोणासही चालतें असें आपण वर्गांत शिकतों. पण या मनुष्याच्या रक्तद्रवांत एचविरुद्ध प्रतिद्रव्यें असतात, आणि एच सर्वांत अधिक असतो तो ओ रक्तांतच. तें दिल्यास प्राणावर बेततें. दात्याच्या पेशी व रुग्णाचा रक्तद्रव आधीं एकत्र करून पाहिल्यास गुठळ्या दिसतात व संशय येतो. ही जुळणी कंटाळवाणी वाटली तरी ती कधींही गाळूं नये.

पालकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. अशा बापाच्या अंगीं ए चें बीज दडलेलें असूं शकतें. आई ओ, बाप चाचणींत ओ, आणि मूल ए निघालें, तर घरांत नाहक कुजबूज सुरू होते. वास्तविक दोष चाचणीच्या अपुरेपणाचा असतो.

भारतांत हा गट सुमारें दहा हजारांत एकाचा, तर युरोपांत सुमारें दहा लाखांत एकाचा असतो. आईबाप दोघांकडूनही सदोष बीज आलें तरच तो प्रकट होतो. म्हणून मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची चाल असलेल्या कुळांत त्याची शक्यता वाढते. अशा मनुष्यास रक्त आपल्याच गटाच्या मनुष्याकडून घ्यावें लागतें. सख्ख्या भावंडांपैकीं प्रत्येकांत तो गट असण्याचा संभव बहुधा चारांत एक असल्यानें प्रथम त्यांचेंच रक्त तपासतात. आणि शस्त्रक्रिया आधीं ठरलेली असेल तर रुग्णाचें स्वतःचेंच रक्त काढून ठेवितां येतें.