परदेशगमन आणि मागे राहिलेले कर्ज

कोकणातील एखाद्या गावचे उदाहरण घेऊ. गावातील एक तरुण आखाती देशात नोकरीसाठी निघाला. प्रवासाच्या व कामाच्या तजविजीसाठी त्याने गावच्या पतसंस्थेतून तीन लक्ष रुपये कर्ज घेतले. त्याला जामीन राहिले त्याचेच जुने गुरुजी. पहिले सहा हप्ते वेळेवर आले. पुढे पत्रे थांबली, दूरध्वनी थांबला आणि हप्तेही थांबले. वर्षभराने पतसंस्थेची नोटीस आली ती गुरुजींच्या नावाने. "कर्ज मी घेतले नाही, पैसा मी वापरला नाही, मग नोटीस मला का?" हा गुरुजींचा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मात्र त्यांनी सही केली त्या दिवशीच ठरलेले होते.

हे उदाहरण कल्पित असले तरी त्यातील प्रसंग ग्रामीण महाराष्ट्राला अपरिचित नाही. १९७३ नंतर खनिज तेलाच्या किमती वाढल्या, आखाती देशांत बांधकामे सुरू झाली आणि रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतून तिकडे जाणाऱ्यांचा ओघ वाढला. पुढे उच्च शिक्षणासाठी इंग्लंड-अमेरिकेची वाट धरणाऱ्यांची त्यात भर पडली. जाणाऱ्याच्या मागे घर, शेत, आईवडील आणि कित्येकदा कर्जही राहते. या कर्जाचे पुढे काय होते, हे ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी, शिक्षकांनी आणि महसूल व सहकार खात्यांतील कर्मचाऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. कारण अडचणीत सापडलेला माणूस सल्ल्यासाठी प्रथम त्यांच्याकडेच येतो.

सीमा ओलांडल्याने कर्ज फिटत नाही

कर्ज हा करार आहे. करारातून आलेली जबाबदारी माणसाच्या राहण्याच्या ठिकाणावर अवलंबून नसते. ऋणको परदेशी स्थायिक झाला, इतकेच नव्हे तर त्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व पत्करले, तरीही येथे घेतलेले कर्ज कायम राहते. कराराचा व्यवहार ज्या न्यायालयाच्या हद्दीत झाला तेथे धनकोला दावा दाखल करता येतो. प्रतिवादी त्या हद्दीत राहत नाही एवढ्यावरून दावा अडत नाही. परदेशी राहणाऱ्या प्रतिवादीवर समन्स बजावण्याची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. प्रतिवादी हजर झाला नाही तर त्याच्या गैरहजेरीतही हुकुमनामा होऊ शकतो.

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. "तीन वर्षे बाहेर काढली की कर्ज बुडाले" असा समज अनेकांच्या मनात असतो. साध्या कर्जाच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, हे खरे. परंतु मुदतीचा कायदा, १९६३ याच्या कलम १५, पोटकलम ५ नुसार प्रतिवादी भारताबाहेर असेल तो सर्व काळ दाव्याची मुदत मोजताना वगळला जातो. म्हणजे परदेशात काढलेली दहा वर्षेही ऋणकोच्या पथ्यावर पडत नाहीत. शिवाय मुदत संपण्यापूर्वी त्याने देणे सहीनिशी मान्य केले, तर त्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते.

जामीनदाराची जबाबदारी

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे वळू. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. "प्रथम ऋणकोकडून वसूल करा, उरले तर माझ्याकडे या", असे त्याला म्हणता येत नाही. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहारच्या प्रकरणात हे तत्त्व स्पष्ट केले. धनकोला आधी ऋणकोच्या मागे धावावे लागले तर जामीन घेण्याचा हेतूच विफल होईल, असा त्या निर्णयाचा आशय आहे. साहजिकच ऋणको परदेशी आणि जामीनदार गावात असेल, तर वसुलीचे पाऊल प्रथम जामीनदाराच्या दारी पडते.

सहकारी संस्थांच्या बाबतीत ही वसुली आणखी जलद होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम १०१ खाली निबंधक चौकशी करून वसुली दाखला देऊ शकतात, आणि त्यातील रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. दिवाणी न्यायालयातील दाव्याची गरज उरत नाही. जामीनदार संस्थेचा सभासद असेल आणि त्याने कलम ४९ प्रमाणे करारनामा लिहून दिला असेल, तर त्याच्या पगारातून कपात करून ती रक्कम संस्थेकडे भरणे मालकावर बंधनकारक ठरते. म्हणूनच शिक्षकांना व कर्मचाऱ्यांना जामीन म्हणून इतकी मागणी असते.

दिवाणी न्यायालयाच्या हुकुमनाम्यात मात्र पगारदाराला काही संरक्षण आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश जप्त करता येत नाहीत. समजा, हिशेबात घ्यावयाचा पगार चाळीस हजार आहे. पहिले एक हजार वगळता एकोणचाळीस हजार राहतात. त्यांपैकी सव्वीस हजार सुरक्षित आणि तेरा हजार जप्तीस पात्र. एकाच हुकुमनाम्यापोटी अशी जप्ती एकूण चोवीस महिन्यांपर्यंतच चालते. पण चोवीस महिने तेरा हजार म्हणजे तीन लक्ष बारा हजार रुपये. दुसऱ्याच्या कर्जाचा हा भार एका कुटुंबाच्या ताटातून कमी होत असतो, हे विसरता कामा नये.

जामीनदाराला हक्क नाहीत, असे मात्र नाही. त्याने देणे फेडले की कलम १४० अन्वये तो धनकोच्या जागी येतो आणि धनकोला ऋणकोविरुद्ध असलेले हक्क त्याला प्राप्त होतात. कर्जाला काही तारण असेल तर त्याचा लाभही कलम १४१ प्रमाणे त्याला मिळतो. त्याने योग्य रीतीने भरलेली रक्कम कलम १४५ प्रमाणे ऋणकोकडून भरून मागता येते. या दाव्याची मुदत रक्कम भरल्यापासून तीन वर्षांची असून ऋणको भारताबाहेर असल्याचा काळ येथेही वगळला जातो. म्हणून भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती जामीनदाराने जपून ठेवावी. तसेच त्याच्या संमतीवाचून धनकोने ऋणकोशी कराराच्या अटी बदलल्या, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारापुरता जामीनदार कलम १३३ प्रमाणे मोकळा होऊ शकतो. अर्थात हे हक्क सोडून देणारी कलमे छापील नमुन्यांत अनेकदा असतात. नमुना वाचल्याशिवाय सही करू नये, हा सल्ला त्यासाठीच.

आणखी एक बारकावा. ऋणको बाहेर असल्याचा काळ वगळण्याची तरतूद बाहेर असलेल्या प्रतिवादीपुरतीच आहे. जामीनदार भारतातच राहत असेल तर त्याच्याविरुद्धच्या दाव्याची मुदत चालूच राहते. सबब मुदतीची शंका आल्यास जामीनदाराने कोणत्याही कागदावर नव्याने सही करण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

कुटुंब आणि मागे राहिलेली मालमत्ता

ऋणको गेल्यावर त्याच्या वृद्ध वडिलांकडे तगादा लावला जातो. वडिलांनी सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली नसेल, तर सज्ञान मुलाच्या कर्जाची वैयक्तिक जबाबदारी त्यांच्यावर येत नाही. पत्नीच्या बाबतीतही हेच. शैक्षणिक कर्जात मात्र आईवडिलांना बहुधा सहकर्जदार केलेले असते. तेथे त्यांची जबाबदारी मुलाइतकीच पक्की असते.

ऋणको परदेशी मरण पावला तर वारसांवरील जबाबदारी त्यांच्या हाती आलेल्या त्याच्या मालमत्तेपुरतीच मर्यादित राहते. बापाचे ऋण फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य, या जुन्या हिंदू विधीतील तत्त्वाच्या आधारे मुलगा, नातू वा पणतू यांच्याविरुद्ध कारवाई करण्याचा हक्क ९ सप्टेंबर २००५ पासून न्यायालये मान्य करीत नाहीत. त्यापूर्वीच्या कर्जांना तेवढा अपवाद आहे.

मालमत्तेची गोष्ट वेगळी. शेतीच्या कर्जासाठी सभासदाने कलम ४८ प्रमाणे जमिनीवर बोजा लिहून दिला असेल, तर त्याची नोंद अधिकार अभिलेखात होते आणि सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात तो दिसतो. जमीन भाऊ कसत असला आणि मालक दुबईत असला, तरी बोजा हलत नाही. घर बँकेकडे तारण असल्यास २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात दावा न करता बँक ताबा घेऊ शकते. ही नोटीस बंद घराच्या दारावर लागते आणि ती वाचणारे कोणी नसते, अशी आपत्ती टाळण्यासाठी परदेशी जाणाऱ्याने विश्वासू व्यक्तीस मुखत्यारपत्र देऊन आपला पत्ता कर्ज देणाऱ्या संस्थेस लेखी कळवावा.

ऋणको निघून जाण्याच्या बेतात आहे आणि धनकोला चुकविणे हाच त्याचा हेतू आहे, असे न्यायालयाची खात्री पटवून दिल्यास निकालापूर्वीच त्याच्याकडून तारण मागता येते किंवा त्याची मालमत्ता जप्त करविता येते. पण केवळ पैसे नाहीत म्हणून माणसाला तुरुंगात धाडता येत नाही. ऐपत असून अप्रामाणिकपणे देणे टाळणारा आणि खरोखर नाडलेला यांतील भेद सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात अधोरेखित केला आहे. न वटलेल्या धनादेशाची बाब मात्र निराळी. तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो. म्हणून कोरा धनादेश सही करून देणे कटाक्षाने टाळावे.

परदेशातील कर्ज

उलट बाजूही लक्षात घ्यावी. परदेशात कर्ज काढून मायदेशी परतलेल्याला वाटते की आता आपण सुटलो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ प्रमाणे, केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या देशांतील वरिष्ठ न्यायालयांच्या हुकुमनाम्याची अंमलबजावणी भारतातील जिल्हा न्यायालयामार्फत थेट होऊ शकते. ब्रिटन, सिंगापूर, न्यूझीलंड हे अशा देशांपैकी होत. जानेवारी २०२० मध्ये संयुक्त अरब अमिरातीचा त्यांत समावेश झाला. दुबई-अबुधाबीत काम केलेल्या असंख्य मराठी कुटुंबांच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे. अमेरिका या यादीत नाही. तेथील निकालाच्या आधारे येथे नवा दावा करावा लागतो. दोन्ही प्रकारांत ऋणकोला बचावाचे हक्क आहेत. निकाल गुणावगुणांवर दिलेला नसेल, फसवणुकीने मिळविलेला असेल किंवा नैसर्गिक न्यायाला धरून नसेल, तर कलम १३ प्रमाणे त्याला आव्हान देता येते. तेथील समन्सकडे दुर्लक्ष करणे मात्र शहाणपणाचे नाही.

निघण्यापूर्वीची खबरदारी

या प्रश्नाचे मूळ पुष्कळदा प्रवासापूर्वीच असते. नोकरी देणाऱ्या दलालाची रक्कम भागविण्यासाठी खाजगी सावकाराकडून भरमसाट व्याजाने पैसा उचलला जातो आणि परदेशातील पहिले वर्ष व्याज फेडण्यातच सरते. उत्प्रवासन अधिनियम, १९८३ प्रमाणे परदेशी कामगार पाठविणाऱ्या दलालाची नोंदणी आवश्यक आहे आणि त्याच्या शुल्कालाही मर्यादा आहे. सावकाराला महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवाना लागतो. या दोन गोष्टींची खातरजमा केली तर अर्धे संकट दारातच थोपविता येईल.

ग्रामसभेत, पालकसभेत आणि पतसंस्थेच्या वार्षिक सभेत पुढील चार गोष्टी आवर्जून सांगाव्यात. निघण्यापूर्वी सर्व देण्यांची यादी करून एक प्रत घरी व एक जामीनदाराकडे द्यावी. हप्ता परस्पर बँकेतून जाईल अशी व्यवस्था करावी. नोकरी गेली वा आजारपण आले तर संस्थेस ताबडतोब लेखी कळवून हप्ते पुन्हा बांधून घ्यावेत. आणि जामीनदाराने दर सहा महिन्यांनी कर्जखात्याचा उतारा मागावा.

गुरुजींनी सही केली ती कायद्याच्या अज्ञानातून नव्हे, विद्यार्थ्यावरील विश्वासातून. हा विश्वास ग्रामीण जीवनाचे भांडवल आहे. एक हप्ता चुकविणारा तरुण केवळ संस्थेचे पैसे थकवीत नाही. गावातील पुढच्या होतकरू मुलाला मिळणारा जामीनही तो हिरावून घेतो. संस्थेचे देणे कायद्याने वसूल होईल. गेलेला विश्वास वसूल करण्याचा दाखला मात्र कोणत्याही कार्यालयात मिळत नाही. म्हणून समुद्रापलीकडे निघालेल्या प्रत्येकाने आपल्या देण्याची नोंद मागे ठेवावी, आणि ज्यांनी त्याच्यासाठी सही केली त्यांना हप्ता भरल्याची खबर नियमितपणे द्यावी.